बाहेरून लावलेलं कुलूप

पडदा वर जातो. स्थळ, निलंग्याचं एसटी आगार. वेळ, पहाटे साडेपाच. मागे रॅम्पवर नुकतीच धुतलेली गाडी उभी, तिच्या टपावरून पाणी ठिबकतंय. उजव्या विंगेत चहाचा गाडा. मधोमध लातूरला जाणारी सहाची गाडी आणि तिच्या इंजिनाच्या झाकणावर, ड्रायव्हरच्या शेजारी, एकाला एक चिकटून ठेवलेले एकवीस डबे. काही स्टीलचे, काही कापडी पिशवीतले, कुणाच्या झाकणावर रंगानं नाव घातलेलं.

लेकराला डॉक्टर करायचं तर लातूरला क्लास लावायचा, खोली करून द्यायची आणि घरचं अन्न रोज एसटीनं धाडायचं, ही आमच्या तालुक्याची रीत. सव्वासातला गाडी लातूरच्या स्टँडवर लागते. पोरं येतात, आपापला डबा उचलतात, कालचा रिकामा कंडक्टरच्या हवाली करतात. नऊ-साडेनऊला तो रिकामा डबा निलंग्यात परत.

आता डाव्या बाजूनं येतो तो धम्मानंद सूर्यवंशी. वय अडतीस, निळा कामाचा शर्ट, नखांत काळं वंगण, आणि त्या हातात इतका स्वच्छ घासलेला डबा की त्यात तोंड बघावं. आगारात तो मेकॅनिक. गाड्यांचे ब्रेक त्याच्याकडे. ड्रायव्हर लोक म्हणतात, धम्मानं गाडीवर हात फिरवला असला तर घाटात डोळा लागला तरी चालंल. तो हसतसुद्धा नाही यावर. म्हणतो, "लावून बघू नका."

माझी खोली आगाराच्या समोर. चाळीस वर्षं तंबूतल्या नाटकांत गेली. राणी झाले, भिकारीण झाले, गुडघे गेल्यावर पडद्यामागून वाक्यं पुरवणारी झाले. कंपनी मोडली तेव्हा जिथं तंबू होता तिथंच राहिले, म्हणजे इथं. आगारातले सगळे मला मावशी म्हणतात आणि मी रोज पहाटे खिडकीत बसून त्यांचा पहिला अंक बघते.

धम्मानंद मूळचा किल्लारीजवळच्या गावचा. भूकंपात त्यांचं माळवद, मातीच्या छपराचं घर, बसलं तेव्हा तो सात वर्षांचा. मातीत दार अडकलं होतं, बाहेरून लोकांनी कुऱ्हाडीनं फोडलं आणि त्याला काढलं. एकट्याला. हे मला त्यानं सांगितलं नाही, त्याच्या बायकोनं सांगितलं होतं. ती सुद्धा चार वर्षांपूर्वी गेली, किडनीच्या दुखण्यानं. उरली मुलगी, बुद्धप्रिया. बापलेकीनं मिळून स्वयंपाक शिकला. त्यांचं घर माझ्या खोलीला लागूनच, पहिलं वर्षभर भिंतीपलीकडून करपल्याचा वास यायचा आणि पाठोपाठ दोघांचं हसू. मग तिला दहावीला चांगले मार्क पडले, लातूर ठरलं, आणि भिंतीपलीकडचं हसू बंद झालं. वासही बंद झाला, कारण आता धम्माला उत्तम स्वयंपाक यायला लागला होता.

क्लासची एक पद्धत होती. दर रविवारी सातशेवीस मार्कांची परीक्षा, आणि सोमवारी सकाळी दहाला मार्क बापाच्या मोबाईलवर. पोरीला नंतर कळायचे, मंगळवारी क्लासच्या भिंतीवर कागद लागला की. धम्माला आधी. सोमवारी दहाच्या ठोक्याला तो हातातला पाना खाली ठेवून रॅम्पमागं जायचा आणि परत यायचा तो आकडा सांगत. पाचशे चाळीस. पाचशे बासष्ट. पाचशे नव्वद आले त्या दिवशी त्यानं सगळ्या आगाराला चहा पाजला. एरवी दिवसात दहा शब्द बोलणारा माणूस सोमवारी शंभर बोलायचा.

श्रावण सरला आणि मार्क उतरायला लागले. पाचशे बारा. चारशे सत्तर. चारशे एकतीस.

मग एका गुरुवारी डबा भरलेला परत आला.

धम्मानं झाकण उघडलं, शेपूची भाजी तशीच. म्हणाला, झोपली असंल. शुक्रवारीही डबा भरलेला. पोरीचा साधा फोन बंद. खोलीच्या मालकीणबाईला, मल्लम्माला, लावला तर ती म्हणाली, "हाय की ओ, असंल खोलीत, मी काय बारा पोरींच्या मागं फिरू का?" आणि त्याच दुपारी आगारात कुणीतरी चहा पिता पिता बोललं, लातुरात कुठल्याशा हॉस्टेलवर एका पोरानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं म्हणे. खरं की उडती बातमी, कुणास ठाऊक. धम्मा तेव्हा चाकाखाली आडवा होता. तो बाहेर आला नाही. किती तरी वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते, हलत नव्हते.

शनिवारी पहाटे त्यानं माझं दार वाजवलं.

"मावशी, लातूरला चला."

"मी येऊन काय करू बाबा?"

"मला बोलता येत न्हाई तिच्यासंग. फोनवर जेवलीस का, अभ्यास झाला का, संपलं. आज बोलावं लागंल. तुम्ही वाक्य द्या मला. पाठ करतो."

आयुष्यात कितीतरी नटांना वाक्यं पुरवली, पण असं कुणी मागितलं नव्हतं. मी पातळ बदललं आणि निघाले.

गाडीत आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. ड्रायव्हर जहांगीर, कंडक्टर पंढरी, दोघंही धम्माचे जुने सोबती. तिकिटं फाडून झाल्यावर पंढरी आमच्यापाशी येऊन टेकला.

"घोर करू नको धम्मा. मी समजावतो की तिला. डबा देताना रोज सांगतो, प्रिया, बाप तुझा गाडीखाली झोपतो, तू चारशेवर काय आलीस."

"रोज सांगता?" मी विचारलं.

"रोज. आमची ड्यूटी नसली तर दुसरा कोण असंल तो सांगतो. अख्ख्या आगाराची लेक हाय ती."

जहांगीर आरशात बघून म्हणाला, "मैं भी बोल्या बुध को. बेटा, इस बार बहुत कम पडे बोलते. गर्दन नीचे डालके चले गयी."

"कुठं बोललात?"

"वहींच, स्टँड पे. सब बच्चे थे ना, मैं बोल्या सबकोच समझ में आयेगा."

धम्माकडं पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होता. मी दिलेलं वाक्य घोकत होता. वाक्य माझ्या मते उत्तम होतं, जुन्या वळणाचं, टाळी घेणारं: लेकी, गुणांची बेरीज म्हणजे माणूस नव्हे, यश येवो अथवा अपयश, पित्याच्या हृदयसिंहासनावर तुझं स्थान अढळ आहे. 'हृदयसिंहासन'वर तो तीनदा अडखळला. मी म्हटलं, नुसतं काळीज म्हण. तो म्हणाला, "न्हाई, चांगलं हाय, जमवतो."

मल्लम्माचं घर क्लासच्या मागच्या गल्लीत. दुमजली, वरच्या गच्चीला लागून पत्र्याच्या सहा खोल्या, दोघी दोघींची एक. बुद्धप्रियाच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

"गेली असंल अभ्यासिकेत," मल्लम्मा खालून ओरडली. "उद्या परीक्षा हाय, आज क्लासला सुट्टी. समद्या तिकडंच हायत."

अभ्यासिका दोन गल्ल्या सोडून. तिथं दारात वही, येणाऱ्यानं नाव लिहायचं. धम्मानं वंगणाचं बोट आजच्या पानावरून फिरवलं. मग कालच्या. मग परवाच्या. आत सत्तर-ऐंशी पोरंपोरी पुस्तकात डोकं घालून बसलेली, एवढी गर्दी आणि पंख्याशिवाय आवाज नाही. त्यानं एकेक चेहरा बघितला. परत पहिल्या रांगेपासून बघितला. वहीवर बसलेली मुलगी म्हणाली, "काका, ही तीन दिवसांत आलीच नाही."

परत येताना तो माझ्या पुढं चालत होता आणि मला गुडघ्यांमुळं गाठता येत नव्हतं. मी जिना चढून वर पोहोचले तेव्हा तो खोलीसमोर उभा होता आणि खाली बघत होता. दाराशेजारच्या फळीवर पोरीच्या चपला. जांभळ्या पट्ट्याच्या, मी ओळखत होते, गेल्या दसऱ्याला निलंग्यातच घेतलेल्या.

"मावशी," तो हळू म्हणाला, "तिच्याजवळ दुसरी चप्पल न्हाई."

रंगमंचावर मी कितीदा किंकाळी फोडली असेल. त्या दुपारसारख्या लख्ख सकाळी माझ्या तोंडून आवाज फुटेना. धम्मानं दारावर थाप मारली. "प्रिया." उत्तर नाही. "बुद्धप्रिया." पत्रा उन्हानं टकटक वाजत होता, तेवढंच. त्यानं कान दाराला लावला. त्याचा चेहरा माझ्याकडं होता आणि त्या चेहऱ्याचं वय अडतीस नव्हतं, सात होतं.

मल्लम्मा धापा टाकत वर आली. चपला बघून तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई. या पोरी एकमेकीला कोंडतेत ओ. कुणी हाका मारू नये, उठून जाऊ नये म्हणून. जोडीदारीण बाहेरून कुलूप लावून जाती, जेवायच्या टायमाला येऊन काढती. मी किती बोलले, ऐकत न्हाईत. किल्ली सादियाकडं असंल. ती कंधारची पोरगी, अभ्यासिकेत. थांबा, आणते."

ती गेली. पण किल्लीची वाट बघायला धम्मा तिथं नव्हताच. गच्चीच्या कोपऱ्यातून त्यानं अर्धी वीट उचलून आणली होती आणि कुलपावर नेम धरला होता. आता पोरगी कोंडलेली आहे हे कळलं होतं, पण ती बोलत का नाही हे कळलं नव्हतं. वीट वर गेली.

"तोडू नका, पप्पा. मल्लम्मा काकू कावतेल."

आतून. बारीक, पण तिचाच आवाज.

वीट त्याच्या हातातून सुटली आणि फुटली. तो दाराला पाठ लावून खाली बसला, कुणी बसवल्यासारखा. मग म्हणाला, "मगाशी का बोलली न्हाईस?"

"मला वाटलं तुम्ही जाताल."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. विंगेतच म्हणा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यानं घसा साफ केला.

"लेकी," तो सुरू झाला, "गुणांची बेरीज म्हणजे माणूस नव्हे. यश येवो अथवा..."

"हे मावशींचं वाक्य आहे."

"हाव," तो म्हणाला. "पुढं सिंहासन पण हाय."

आत काहीतरी हललं. हसली असावी, किंवा नाक ओढलं असावं, दाराआडून सांगता येत नाही. मी मात्र पायरीवर मेल्याहून मेल्यासारखी झाले.

"मग तुझं तू सांग," धम्मा म्हणाला. "डबा का न्हाई घेतलास?"

मग ती बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही. "पप्पा, मला माझे मार्क स्टँडवर कळतेत. भिंतीवर कागद लागायच्या आधी, मंगळवारी सकाळी डबा घ्यायला गेले की. पंढरीकाका सांगतेत, जहांगीर चाचा सांगतेत, बाकी पोरं डबे घेऊन उभी असतेत, ती ऐकतेत. आता ती बी विचारतेत. एक पोरगं मला चारशे एकतीस म्हणून हाक मारतंय. गुरुवारी डबा घ्यायला निघाले आणि कोपऱ्यावरनंच परत फिरले. मग म्हटलं नकोच डबा. सादियाच्या आईनं खारी दिलीय, तीच खाते."

धम्मानं दोन्ही हातांचे पंजे समोर धरले होते आणि त्यांच्याकडं बघत होता.

"तुम्हीच सांगता ना त्यांना?"

"हाव."

"का?"

आता मला भीती वाटली की तो वाक्यासाठी माझ्याकडं बघेल. बघितलं नाही.

"तुझी आई होती तवा तीच सांगायची, आज पोरगी अशी म्हणली, तशी रुसली. आता तू हितं. मला तुझं काहीच कळत न्हाई, माय. सोमवारी एक आकडा येतो तेवढाच तुझा. तो कुणाला तरी सांगावा वाटतो. चांगला होता तवा सांगत होतो. पडायला लागला तवा म्हटलं, मला समजावता येत न्हाई, यांनी समजवावं." तो थांबला. "तो मेसेज यायच्या आधी मला पाना धरवत न्हाई. तुला वाटत असंल बाप रागानं बघतो. भ्यानं बघतो."

खाली गल्लीत भाजीवाली ओरडत गेली.

मग त्यानं जे विचारलं ते मी त्याला शिकवलं नव्हतं, आणि मला विचारलं असतं तर विचारू नको म्हटलं असतं. दाराकडं तोंड वळवून, अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "प्रिया, जिवाचं वाईट काही आलतं का मनात? असलं तर सांग. मी रागावणार न्हाई. हितंच बसलोय."

एवढा थांबा माझ्या साऱ्या कारकिर्दीत कुठल्याच नटानं घेतला नव्हता.

"न्हाई," ती म्हणाली. "तसं न्हाई. पण दिवाळीला घरी येऊ नये असं वाटलं होतं. आगारासमोरून कशी येणार मी?"

धम्मानं डोळे मिटले. किती वेळ मिटले होते माहीत नाही, कारण माझेही धड उघडे नव्हते.

"तसलं कधी आलं," तो शेवटी म्हणाला, "तर मला सांगशील? मला न्हाई तर मावशीला, सादियाला, कुणालाबी?"

"सांगंन."

"आता काय करू ते सांग."

"क्लासमधला तुमचा नंबर काढा. मार्क मला येऊ द्या. मला वाटलं तर मी सांगंन."

वीट उचलताना जो माणूस क्षणभर थांबला नव्हता, तो एवढ्यावर अडला. मला कळत होतं का. तो आकडा त्याच्या हातातली एकुलती दोरी होती. तीच सोड म्हणत होती.

"आणि मग मला कळणार कसं, तू कशी हायस?"

"विचारायचं ना, पप्पा."

"काय विचारू? मला सुचत न्हाई."

"काहीबी. मी कुणासंग जेवते विचारा. सादिया झोपेत बोलती ते विचारा. तुम्ही काय केलं दिवसभर ते तुम्ही सांगा. मला कुठं म्हायती तुमचं?"

"माझं काय असतंय. ब्रेक असतेत."

"मग ब्रेकचं सांगा."

तेवढ्यात मल्लम्मा एका घाबरलेल्या, चष्मेवाल्या मुलीला दंडाला धरून घेऊन आली. तीच सादिया. "अंकल, उसनेच बोला था लगाने," एवढं म्हणून ती रडायलाच लागली. दार उघडलं. बुद्धप्रिया वाळली होती, केस बांधलेले नव्हते, आणि बापाला बघून तिला काय करावं सुचेना. त्यालाही सुचेना. कामाच्या शर्टाला हात पुसून त्यानं तो तिच्या डोक्यावर ठेवला. आमच्या नाटकांत अशा जागी मिठी असायची, वर ऑर्गन वाजायचा. इथं मल्लम्माचं तोंड वाजत होतं, उद्यापासून कुलपं माझ्याकडं जमा करायची म्हणून. बरं झालं.

सादियाला धरून आम्ही चौघांनी खाली जाऊन उप्पीट खाल्लं. मग बापलेक आणि मी क्लासच्या ऑफिसात गेलो. तिथं कॉम्प्युटरवर अमरेश नावाचा तरुण बसला होता, आवाजानं उदगीरकडचा. धम्मानं सांगितलं, माझा नंबर काढा.

"काका, लोक उलट दोन-दोन नंबर घाला म्हणतेत. आईचा, मामाचा. तुम्ही काढा म्हणता?"

"हाव."

"नंतर म्हणाल क्लासनं कळवलं न्हाई."

"न्हाई म्हणणार."

"पालकाचा एक नंबर ठेवावाच लागतो. नियम हाय. काही झालं तर कुणाला कळवू?"

धम्मा टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. त्याच्या बोटांचे ठसे काचेवर उमटले. "मग ठेवा. ताप आला तर कळवा. क्लासला आली न्हाई तर कळवा. रडताना दिसली तर काम टाकून फोन करा, मी गाडी सोडून येतो. मार्क तेवढे कळवू नका."

अमरेशनं बुद्धप्रियाकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि काहीतरी टाईप केलं. बुद्धप्रिया दाराच्या चौकटीशी उभी राहून जमिनीकडं बघत होती. स्टँडपर्यंत ती आमच्यासोबत आली नाही. अजून तेवढं धैर्य नव्हतं आणि धम्मानं आग्रह केला नाही. डबा उद्यापासून मल्लम्माच्या दारात कोण पोहोचवेल, याचं स्टँडवर दुसऱ्या फेरीला आलेल्या पंढरीशी तो दोन वाक्यांत बोलला. तिसऱ्या वाक्यात त्याला सांगितलं, "आणि पंढरी, पोरीला मार्क विचारायचे न्हाईत. कुणीच. चूक माझी हाय." पंढरीचं तोंड उतरलं. वाईट मनाचा नाही तो. स्टँडवर त्यानं तिला कधी कधी स्वतःच्या पैशानं केळी घेऊन दिली होती, हे बुद्धप्रियानंच मला मागं सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत मला वाटलं, आता हा मोकळा झाला असेल, झोपेल. पण तो ताठ बसला होता. औसा गेलं. लामजना गेलं. मी विचारलं, बरं वाटतंय का? त्यानं मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. त्याच्या हातात मोबाईल होता आणि तो उगाच चालू बंद करत होता, जणू त्यातून काहीतरी कायमचं गेलं आहे आणि त्याची जागा चाचपून बघतो आहे.

निलंग्यात उतरलो तेव्हा आगारात दुपारची पाळी बदलत होती. लोक विचारायला धावले. पोरगी बरी हाय, एवढंच तो म्हणाला आणि मला रस्ता ओलांडून दारापर्यंत सोडायला आला. मी कुलूप काढलं. तो वळला, दोन पावलं गेला, परत आला.

"मावशी, परवा सोमवारी दहा वाजले की मला लई भ्या वाटणार हाय. वाटू द्या. तिला कळू देऊ नका."